दुखतंय, पण फिल्म साफ आहे

(लोकमान्य टिळकांच्या पुण्यतिथीनिमित्त भिलाई येथे मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



टिळक पुण्यतिथीचं व्याख्यान म्हटलं की राजकारण, नाहीतर गीतारहस्य. त्या जागी पाठ-मान-कंबर घेऊन एक फिजिओथेरपिस्ट उभी राहिली, तर ‘हिला कुणी बोलावलं?’ असं मनात येणं साहजिक आहे. माझ्या बाजूने एकच पुरावा देते. डेक्कन कॉलेजात गेल्यावर टिळकांनी पहिलं वर्ष पुस्तकांना दिलंच नाही. तालीम, पोहणं, होडी वल्हवणं यात ते गेलं आणि परीक्षा बुडाली. आज घरातल्या मुलाने असं केलं तर काय होईल ते भिलाईकरांना सांगायला नको. इथे मिसरूड फुटायच्या आत पोरं आयआयटीच्या क्लासला बसलेली असतात, आणि बारावीला माझ्यासारखीकडे मान धरून येतात.

मी नागपूरची. २ फेब्रुवारी १९५५ला भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार सोव्हिएत सरकारशी झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता त्याची राजधानी आमचं नागपूरच होतं. त्यामुळे इथे पाहुणी म्हणून बोलायचं मला जरा जिवावर येतं. ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्या कराराबरोबर भट्ट्या आल्या, रोलिंग मिल आली, इंजिनिअर आले, पुढे मैत्रीबाग झाली. मॉस्कोतल्या एका माणसाचं काम मात्र आलं नाही. पोलाद कापणाऱ्या हाताचं आयुष्यभर निरीक्षण केलेला तो माणूस होता. त्याच्याकडे मी येणार आहे. आधी दुखण्याकडे.

आमच्याकडे येणारा माणूस हातात मोठा लखोटा घेऊन येतो. बसायच्या आधी तो टेबलावर ठेवतो. या भागात पुढचं वाक्य बहुतेक हिंदीत येतं: ‘मॅडम, रिपोर्ट तो नॉर्मल है, पर दर्द जाता नहीं.’ त्याच्या चेहऱ्यावर एक प्रकारची शरम असते. डॉक्टरांनी ‘काही नाही’ म्हटलेलं असतं, घरच्यांनी त्याचा अर्थ ‘नाटक आहे’ असा लावलेला असतो, आणि महिन्या-दोन महिन्यांनी त्याला स्वतःलाही तशी शंका येऊ लागते.

दुसरा माणूस नेमका उलटा. त्याचा एमआरआय खच्चून भरलेला. चौथ्या-पाचव्या मणक्यातली गादी फुगलेली, पाचव्याखालची वाळलेली, नसेला स्पर्श. ‘मणक्यात गॅप आलाय’ हे त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं आणि ते त्याने इतकं मनावर घेतलेलं असतं की पायातली चप्पलही तो बायकोकडून काढून घेतो.

या दोघांनाही फिल्मने फसवलं आहे. १९९४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये जेन्सन आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. पाठ कधी दुखत नाही अशा ९८ जणांचे एमआरआय काढले, त्यांत पाठ दुखणाऱ्यांचे काही मिसळले, आणि वाचणाऱ्या तज्ज्ञांना कोण दुखणारा, कोण न दुखणारा हे कळू दिलं नाही. न दुखणाऱ्यांपैकी ५२ टक्क्यांच्या कुठल्या ना कुठल्या मणक्यातली गादी फुगलेली निघाली. सगळ्या गाद्या ठीकठाक असलेले फक्त ३६ टक्के होते. २०१५ साली अशा अनेक अभ्यासांची बेरीज प्रसिद्ध झाली. काहीही त्रास नसलेल्या विशीतल्या ३० टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या असतात, ऐंशीत हा आकडा ८४ टक्क्यांवर जातो. म्हणजे केस पिकतात तशा गाद्या वाळतात. आता पिकलेल्या केसांना कुणी डोकेदुखीचं कारण मानत नाही.

फिल्म निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. हाड मोडलं, गाठ आली, क्षय लागला, तर तिच्याशिवाय पान हलत नाही. पण फिल्म रचना दाखवते, तीही माणूस निपचित पडलेला असताना. हालचालीत काय बिनसलंय ते तिला दिसायची सोय नाही. आमच्या शास्त्रात ज्यांना कार्यात्मक विकार म्हणतात, ते हेच: हाड, गादी, स्नायू, नस जागच्या जागी आहेत, पण त्यांचा आपसातला कारभार बिघडला आहे. कुणी वेळेवर कामाला लागत नाही, कुणी दुसऱ्याचं काम ओढतो आणि थकतो, कुणी काम संपलं तरी सैल पडत नाही. घराचा नकाशा कितीही बारकाईने पाहिला तरी घरात भांडण आहे की नाही ते कळत नाही, तसं हे.

आणि हा काही मूठभरांचा प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. त्यातल्या सुमारे ९० टक्क्यांत विशिष्ट असं रचनेतलं कारण दाखवता येत नाही.

आता मॉस्कोतला माणूस. निकोलाय बर्नस्टाइन, जन्म १८९६, शिक्षणाने डॉक्टर. क्रांतीनंतर मॉस्कोत कामगारांच्या श्रमाचा अभ्यास करणारी एक केंद्रीय संस्था निघाली. तिचा प्रमुख अलेक्सेई गास्तेव कवीही होता आणि धातुकामगारही. त्याचं स्वप्न अगदी सरळ होतं. छिन्नीवर हातोडा मारायची एकच सर्वोत्तम पद्धत शोधून काढायची आणि देशातल्या प्रत्येक कामगाराला तीच शिकवायची. हे शोधायचं काम १९२०च्या दशकात तरुण बर्नस्टाइनकडे आलं. त्याने कुशल कामगारांच्या खांद्यावर, कोपरावर, मनगटावर, हातोड्यावर छोटे दिवे बांधले, कॅमेऱ्यापुढे फिरती झडप लावली, आणि एका पट्टीवर घावाचा सगळा मार्ग ठिपक्याठिपक्यांनी टिपला. मग दुसरा घाव, मग तिसरा.

गास्तेवला हवं होतं ते निघालं नाही. हातोडा दर वेळी छिन्नीच्या माथ्यावर बसत होता, पण तिथवर पोचायचा खांद्याचा, कोपराचा, मनगटाचा रस्ता दर वेळी वेगळा होता. खांदा जरा कमी उचलला गेला तर कोपर भरून काढत होतं, कोपर चुकलं तर मनगट सांभाळून घेत होतं. म्हणजे मुरलेला कामगार एकच हालचाल पुन्हापुन्हा करत नाही. तो दर घावाला तेच गणित नव्याने सोडवतो.

या माणसाचं पुढे काय झालं तेही सांगते, कारण त्याशिवाय त्याचं काम जगाला उशिरा का कळलं ते उमगत नाही. १९४७ साली त्याचा मोठा ग्रंथ आला, १९४८ साली स्टालिन पारितोषिक मिळालं, आणि दोन-तीन वर्षांतच पाव्हलॉव्हच्या सिद्धांताशी न जुळणारे विचार मांडतो म्हणून त्याच्यावर गदा आली आणि काम काढून घेतलं गेलं. १९६६ साली तो गेला आणि १९६७ साली त्याच्या लेखांचं इंग्रजी पुस्तक निघालं.

माझं आजचं म्हणणं याच घावावर उभं आहे. निरोगी शरीराकडे एकाच कामाचे पुष्कळ रस्ते असतात. दुखणं जुनं झालं की एकेक रस्ता बंद होत जातो आणि शेवटी एकच उरतो, तोही खाचखळग्यांचा. म्हणून फिजिओथेरपीचं निदान म्हणजे कुठले रस्ते बंद झाले ते शोधणं, आणि उपचार म्हणजे ते एकेक करून उघडणं. डेन्मार्कात मांस कापणाऱ्या कामगारांवर अशाच धर्तीचे अभ्यास झाले आहेत, आणि वेदना असली की हालचालीतली ही विविधता बदलते असं त्यांत दिसलं. सगळे अभ्यास एका सुरात बोलत नाहीत, हेही कबूल करते. पण टेबलावर झोपलेल्या माणसाला तपासताना मला रोज जे दिसतं त्याच्याशी बर्नस्टाइनइतका दुसरा कुणी जुळत नाही.

तपासायचं कसं, याची भाषा आम्हाला प्रागने दिली. व्लादिमीर यांदा हे तिथले मज्जाविकारतज्ज्ञ, १९२८ ते २००२. पंधराव्या वर्षी त्यांना पोलिओ झाला, चारही हातापायांतलं बळ गेलं आणि दोन वर्षं चालता आलं नाही. (पोलिओचा आणि आमच्या पेशाचा ऋणानुबंध जुना आहे. भारतातली फिजिओथेरपीची पहिली शाळा १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत केईएम रुग्णालयात निघाली, तीही पोलिओच्या साथीनंतरच.) स्वतःचे दुबळे स्नायू रोज पाहणाऱ्या यांदांच्या ध्यानात आलं की दुखणाऱ्या माणसात स्नायू वाटेल तसे बिघडत नाहीत. काही ठरावीक स्नायू आखडतात: मानेच्या मागचे, छातीचे, मांडीच्या पुढचे आणि मागचे, कंबरेचे. काही ठरावीक सुस्तावतात: मानेचे खोल पुढचे, खांद्याच्या पात्याखालचे, पोटाचे, नितंबांचे. बाजूने पाहिलं तर आखडलेल्यांची रेघ आणि सुस्तावलेल्यांची रेघ एकमेकींना छेदतात. हा नमुना त्यांनी मांडला आणि जगभर पसरला.

एक माणूस घेऊ, म्हणजे हे हवेत राहणार नाही. इओटी क्रेनचा, म्हणजे शेडच्या वरून धावणाऱ्या क्रेनचा, ऑपरेटर. अनेकांची मिळून एक गोष्ट सांगते आहे, कुणी आपला माणूस ओळखायचा प्रयत्न करू नये. शेडच्या छपराखाली केबिन, खाली वितळलेल्या धातूचा लॅडल किंवा पोलादाची स्लॅब. सबंध शिफ्टभर पुढे ओणवून, मान खाली घालून, गुडघ्यांच्या मधून पाहायचं आणि दोन्ही हात लिव्हरवर ठेवायचे. नजर हलवायची मुभा नाही, खाली माणसं असतात. ड्यूटी संपता संपता मानेच्या मुळाशी ठणका लागतो, तो डोक्याच्या मागून चढून एका डोळ्यामागे येऊन बसतो. एक्स-रेच्या कागदावर लिहिलेलं: मानेची कमान सरळ झाली आहे. हे वाक्य मी इतक्या रिपोर्टांवर वाचलंय, आणि ते मान न दुखणाऱ्यांच्या रिपोर्टांवरही असतं.

मी पहिला प्रश्न ‘कुठे’ असा विचारत नाही, ‘कधी’ असा विचारते. सुट्टीच्या दिवशी? रात्रीच्या सी शिफ्टला जास्त की सकाळच्या ए शिफ्टला? झोपेतून जाग येते का? नुसता ठणका की कळ जाते? मुंग्या येतात का, आणि कुठल्या बोटांत? आपले लोक उसण, चमक, लचक, वळ, सल हे शब्द चोख वापरतात. ते जसेच्या तसे लिहून घ्यावेत. चमक जाणाऱ्या माणसाची आणि सलणाऱ्या माणसाची तपासणी एक नसते.

मग शर्ट काढायला सांगते आणि तोच पाहते. कुठला हात आधी बाहेर येतो, डोकं वळतं की सगळं धड वळतं. हा माणूस उजवीकडे पाहायला सांगितलं तर कमरेतून वळतो. मान वळायचं विसरली आहे.

उताणा झोपवते आणि सांगते, डोकं दोन बोटं उचला, हनुवटी छातीकडे ओढून. बहुतेकांची हनुवटी आधी छताकडे जाते. मानेचे खोल स्नायू झोपलेले असतात आणि पुढच्या दोन जाड दोऱ्या सगळं ओझं उचलतात. हनुवटी आत धरून डोकं तसंच ठेवायला सांगितलं की काही क्षणांत मान थरथरते. मग मान पूर्ण पुढे वाकवून, तशीच ठेवून, डोकं एकेका बाजूला वळवते. यात खालचे मणके अडकून पडतात आणि फक्त वरचे दोन वळतात. साधारण ४४ अंश वळायला हवं. डोळ्यामागे दुखणाऱ्या बाजूला ते बरंच कमी भरतं. खांद्याच्या पात्याच्या वरच्या कोपऱ्यावर बोट दाबलं की तो म्हणतो, ‘यही, यही दर्द सिर में जाता है.’ हातातली ताकद, संवेदना, प्रतिक्षिप्त क्रिया तपासते. सगळं शाबूत. म्हणजे नस दबलेली नाही.

शेवटी त्याला बसवून माझ्या दोन्ही हातांनी त्याचे खांदे खालून अलगद उचलून धरते आणि म्हणते, आता वळा. मान मघापेक्षा सहज जास्त वळते. तो माझ्याकडे वळून पाहतो, आणि पाहू शकला याचंच त्याला आश्चर्य वाटतं. मानेवर लटकणारं हातांचं ओझं क्षणभर काढलं, बाकी काही केलं नाही. कमान सरळ झालेलीच होती, ती तशीच राहिली. माझ्या वहीत आता लिहायला काहीतरी आहे: वरचे दोन मणके अडलेले, मानेचे खोल स्नायू सुस्त, खांद्याचं पातं आधार देत नाही, कामाची बैठक एकसुरी. फिल्मवर यातलं एक अक्षर नव्हतं.

आता दुसऱ्या बाजूचं बोलायलाच हवं, नाहीतर हे ऐकून कुणी घरी जाईल आणि खऱ्या आजाराला व्यायाम करत बसेल. फिजिओथेरपिस्टने पहिल्या भेटीत एवढं ओळखलं पाहिजे की हा रुग्ण आपला नाही. लघवी-शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आला, पाऊल लुळं पडलं, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. सेक्टर नाइनला जा, रायपूरला जा, पण उद्यावर टाकू नका. संध्याकाळचा ताप, उतरणारं वजन, रात्री न झोपू देणारं पाठीचं दुखणं दिसलं तर आपल्या देशात मणक्याचा क्षय आधी आठवावा.

आणि एक गोष्ट खास तुमच्या-आमच्या भागातली आहे. छत्तीसगड आणि पूर्व विदर्भ हा सिकलसेलचा पट्टा. या आजारात खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड आतून मरू शकतं. पंचविशीतला मुलगा जांघेत दुखतं म्हणून येतो, कुणी ‘स्नायू ताणला’ म्हणतं, कुणी कमरेला शेक देतं. सुरुवातीचा एक्स-रे चक्क साफ येतो. म्हणजे आतापर्यंत ज्या फिल्मवर विसंबू नका म्हटलं, तिच्यावर इथेही विसंबायचं नाही, पण उलट्या कारणाने. उताणं झोपवून गुडघा आणि खुबा काटकोनात धरून मांडी आतल्या बाजूला फिरवून पाहावी. ती अडली आणि जांघेत कळ आली, तर मालिश नाही, ट्रॅक्शन नाही, आधी सिकलसेलची रक्ततपासणी आणि खुब्याचा एमआरआय. लवकर सापडलं तर खुबा वाचवण्यासाठी काही करता येतं, उशिरा सापडलं तर सांधा बदलायची वेळ येते.

उपचारांकडे येते आणि इथे थोडा वाईटपणा घेते. कुठल्याही गावातल्या फिजिओथेरपी सेंटरमध्ये जा. पडद्यांच्या चौकोनी खोल्या, प्रत्येकीत एक रुग्ण पालथा, पाठीवर चार पॅड आणि बाजूला मशीन टिकटिक करतंय. दहा मिनिटं करंट, दहा मिनिटं शेक, जमलं तर अल्ट्रासाउंड, कमरेला ट्रॅक्शन, जाताना पट्टा. डिसेंबर २०२३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. नेहमीच्या उपचारात देऊ नका म्हणून ज्यांची नावं त्यात आहेत ती अशी: त्वचेवरून दिला जाणारा टेन्सचा करंट, अल्ट्रासाउंड, ट्रॅक्शन, कमरेचे पट्टे. आमचं अर्धं दुकान तिथेच बंद झालं. करा म्हणून जे सांगितलं त्यात रुग्णाला नीट समजावून सांगणं आणि व्यायाम ही दोन नावं आहेत, आणि या दोन्हींना मशीन लागत नाही. शेकाने बरं वाटतं, मी नाकारत नाही. घरी गरम पाण्याची पिशवी घेऊन शेका, त्यासाठी रोज रिक्षाभाडं खर्चू नका.

व्यायाम म्हणताच लोक कागद मागतात, दहा चित्रांचा. तो मी देत नाही. क्रेन ऑपरेटरचंच पुढे सांगते. पहिल्या दिवशी एवढंच. कारेल लेविट हे यांदांचे प्रागमधले सहकारी, ही त्यांची रीत आहे. माणूस बसलेला. मी त्याचं डोकं दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध, जिथे पहिला ताण लागतो तिथवर नेते आणि थांबते. तिथे तो माझ्या तळहातावर डोकं टेकवतो. ढकलायचं नाही, माशी बसावी तेवढाच दाब. श्वास आत घेतो, नजर वर, सात-आठ सेकंद. मग श्वास सोडतो, नजर खाली, आणि डोकं सोडून देतो. माझा हात ओढत नाही, वाट पाहतो. स्नायू आपणहून अर्धं बोट सैल होतो. नव्या जागेवर पुन्हा तेच, तीन-चार वेळा. हे त्याला स्वतःच्या हाताने करता येतं, केबिनमध्येही, पुढचा लॅडल यायच्या आत. पुढच्या आठवड्यात हनुवटी आत ओढायचा व्यायाम, मग भिंतीला तळवे टेकवून पात्यांचा. आणि एक गोष्ट व्यायामाच्या बाहेरची: सीट किती पुढे आहे, काच पुसलेली आहे का, चष्म्याचा नंबर बदलला आहे का. धुरकट काचेतून पाहणारा माणूस चार बोटं जास्त वाकतो.

यांदा पुढच्या टप्प्यात रुग्णांना डुगडुगणाऱ्या फळीवर उभं करत, तळाला अर्धा चेंडू बसवलेल्या चपला घालून चालायला लावत. तोल जातोसं वाटलं की सुस्तावलेले स्नायू आपोआप जागे होतात, सांगावं लागत नाही. तुमच्याकडे हरेलीच्या सणाला पोरं बांबूच्या गेडीवर चढून चिखलातून पळतात. यांदांनी ती पाहिली असती तर एक जोडी प्रागला नेली असती.

मध्यंतरी ‘कोअर’ची फार हवा होती, अजून ओसरली नाही. १९९६ साली ऑस्ट्रेलियात हॉजेस आणि रिचर्डसन यांनी दाखवलं की कंबर दुखणाऱ्यांत हात झटकन उचलताना पोटाचा खोल स्नायू उशिरा जागा होतो. निरीक्षण सुंदर होतं. त्यावरून जगभर लोक पोट आत ओढून बसू लागले. पुढच्या चाचण्यांत कळलं की हे व्यायाम इतर व्यायामांपेक्षा सरस नाहीत, त्यांच्याइतकेच चांगले आहेत. मला यात निराश होण्यासारखं काही दिसत नाही. सूर्यनमस्कार आवडतो त्याने तो घालावा, पोहणाऱ्याने पोहावं, सायकलवाल्याने सायकल मारावी. नेमका कुठला व्यायाम, यापेक्षा तो टिकतो की नाही हे महत्त्वाचं. तसंच मोबाइलच्या मानेचं. ६० अंश वाकलं की मानेवर २७ किलोंचा भार येतो, हा आकडा तुम्हाला व्हॉट्सॲपवर येऊन गेला असेल. तो २०१४ सालच्या एका संगणकी प्रतिमानातला आहे, माणसांच्या माना तोलून काढलेला नाही. मान वाकण्यासाठीच आहे. तासभर त्याच एका कोनात गोठून राहणं तिला मानवत नाही. क्लासमधल्या मुलांना मी ‘ताठ बसा’ असं सांगत नाही, ‘बसायची तऱ्हा बदलत राहा’ असं सांगते.

आज १ ऑगस्ट. आसपासच्या गावांत भाताच्या रोप्याची कामं चालली असतील. बायका सकाळपासून चिखलात ओणव्या. त्यांच्यातली एखादी आली की तिला ‘वाकू नका’ सांगणारा सल्ला मला उद्धट वाटतो. ती वाकणारच, पोट त्यावर आहे. इथे न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झींची गोष्ट कामाला येते. १९५६ साली वेलिंग्टनमध्ये पाय दुखणारा एक रुग्ण त्यांच्याकडे यायचा, आठवडे झाले तरी फरक नव्हता. एक दिवस त्याला ‘आत जाऊन पालथे झोपा’ सांगून मॅकेन्झी दुसऱ्या कामात अडकले. टेबलाचं एक टोक आधीच्या कुणासाठी तरी उंच केलेलं होतं. हा गृहस्थ त्यावर तसाच पालथा पडला, कंबर मागे वाकलेली. मॅकेन्झी घाबरले, पण तो म्हणाला की पायातलं दुखणं गेलंय. दुखणं पायातून वर सरकून कमरेकडे गोळा होणं ही चांगली खूण असते, हे तिथून पुढे शास्त्रात आलं. सगळ्यांना लागू नाही. मागे वाकल्यावर कळ खाली उतरली तर थांबायचं. पण रोपा लावणाऱ्या बाईला मी हे देते: एक जुडी संपली की दुसरी घ्यायला वळताना कमरेवर हात ठेवून पाच वेळा मागे वाक. त्याला वेळ लागत नाही, मुकादम ओरडत नाही, आणि आपण काही औषध करतोय असं कुणाला दिसतही नाही.

विश्रांतीबद्दल दोन शब्द. १९८६ सालीच एका चाचणीत कंबर धरलेल्या माणसांना दोन दिवस आणि सात दिवस अशी झोपून राहायची मुदत देऊन पाहिली. दोन दिवसवाले बरे होण्यात मागे पडले नाहीत आणि कामावर कितीतरी आधी रुजू झाले. तरीही ‘तीन आठवडे बेडरेस्ट’ची चिठ्ठी अजून निघते. कायम नोकरीतल्या माणसाला ती परवडते, वर पगार मिळतो, आणि तीन आठवड्यांनी तो जास्त घाबरलेला, जास्त आखडलेला कामावर येतो. ठेक्यावरच्या माणसाला ती परवडतच नाही. तो गोळी खाऊन दुसऱ्या दिवशी फावडं उचलतो. गंमत अशी की चालता-फिरता राहिल्याने काही बाबतींत त्याचं नशीब बरं ठरतं; पण दुखणं खरंच आवाक्याबाहेर जातं तेव्हा हलकं काम द्यायला त्याच्याकडे कुणी नसतं.

दुखणं महिनोन्‌महिने राहिलं की त्यात झोप येते, रात्रपाळी येते, मुलीच्या फीची चिंता येते, निवृत्तीनंतर रिकामी झालेली सकाळ येते. हे बोलले की रुग्ण म्हणतो, ‘म्हणजे माझ्या मनाचं आहे?’ नाही. वेदनेचा गजर करणारी यंत्रणाच हळवी झाली आहे, आणि ती कमी झोपेवर जास्त हळवी होते. रात्रपाळीवाल्याला मी व्यायामाच्या आधी झोपेबद्दल विचारते. सी शिफ्ट करून आलेल्या माणसाला सकाळी सातला व्यायाम देणं हा अडाणीपणा आहे.

म्हणून ज्यांना व्यायाम सुरू करायचा आहे त्यांच्यासाठी माझा हिशेब असा. दुखणं दहापैकी तीन-चारपर्यंत चढलं तरी चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते मूळ पदावर आलं पाहिजे. आलं नाही तर निम्मं करा, बंद करू नका. दोन आठवडे सहज गेले तर थोडं वाढवा. सहा आठवड्यांत काहीच हललं नाही, तर आमचं निदान पुन्हा तपासायला लावा, आणि त्या वेळी आम्ही मशीन लावून द्यायला लागलो तर उठून दुसरीकडे जा. पहिल्या भेटीत कपडे काढून, वाकवून, वळवून, चालवून तपासायला जो अर्धा-पाऊण तास देत नाही त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये, मग त्याच्या पाटीवर कितीही पदव्या असोत.

वेळ संपली असं अध्यक्ष खुणावत आहेत. प्रश्न असतील तर घेऊ या. ज्यांनी लखोटे आणले आहेत त्यांनी ते तूर्त खुर्चीखालीच ठेवावेत.